सुट्टीतल्या प्रवासाच्या बदलत्या सवयी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातल्या एका लहानशा कार्यालयात बसून कुटुंबांच्या सहली आखून देण्याचे काम मी गेली सव्वीस वर्षे करत आहे. तारखा आणि दर ठरवून झाले की लोक थोडे थांबतात आणि वेगळेच प्रश्न विचारतात. आमच्या लहानपणी सुट्टी अशी नव्हती, ती कधी बदलली? आईवडिलांना जे बघायचे असते ते मुलांना का नको असते? दहा वर्षांपूर्वी मला जे हवे होते ते आता मलाच का नको वाटते? त्यांतले नेहमीचे प्रश्न आणि मला उमजलेली उत्तरे येथे दिली आहेत. ही उत्तरे मुख्यतः मराठी मध्यमवर्गीय कुटुंबांविषयी आहेत, कारण मी जवळून पाहिली ती हीच.

प्रवासाची आवड खरोखर बदलते, की फक्त ठिकाणे बदलतात?

'आवड असली की सवड मिळते' असे आपण म्हणतो. सहलींच्या बाबतीत मला बहुधा याच्या उलट दिसले आहे. सवड किती आणि कधी मिळते, जायला साधन कोणते आहे आणि सोबत कोण आहे, यांवरून आवड घडत जाते. ज्या घराला वर्षातून एकदाच, पण सलग तीन आठवडे मोकळे मिळत, त्या घराला एकाच जागी निवांत मुक्काम करणे आवडत असे. आज ज्या घरात नवराबायको दोघेही नोकरी करतात आणि दोघांची रजा एका वेळी चार दिवसांपलीकडे जुळत नाही, त्या घराला विमानाने जाऊन विमानाने परतणे आवडते. 'आम्हांला असेच आवडते' हे वाक्य दोघांच्याही तोंडी असते आणि दोघेही खरेच बोलत असतात. म्हणून कोणाची आवड समजून घ्यायची असेल, तर मी आधी त्यांच्या रजेचे गणित विचारते.

पूर्वी मराठी कुटुंबे सहलीला जातच नसत, हे खरे आहे का?

सहलीला जात नसत, पण प्रवास करत असत, आणि त्या प्रवासाला सांगण्याजोगे कारण लागत असे. सर्वांत मान्य कारण म्हणजे तीर्थयात्रा. काशी, प्रयाग आणि गया मिळून त्रिस्थळी होत असे, आणि रेल्वे येण्यापूर्वी तिथे पायी किंवा बैलगाडीने जाऊन परत यायला कित्येक महिने लागत. अहिल्याबाई होळकरांनी देशभरच्या तीर्थांवर बांधलेले घाट, विहिरी आणि धर्मशाळा यांचे मोल अशा वाटेवर उन्हातान्हात चालणाऱ्याला कळत असे. 'काशीस जावे, नित्य वदावे' या म्हणीतच ते जाणे किती दुर्मीळ होते हे उमटलेले आहे. प्रत्यक्ष जाणे घडले नाही, तर निदान बोलत तरी राहावे. यात्रेहून सुखरूप परतलेला माणूस गंगेची पूजा करून मावंदे घालत असे. यात्रा एकाने केलेली असली, तरी तिच्या शेवटच्या पंगतीला आप्तेष्ट आणि शेजारीपाजारी सगळे बसत.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली प्रवासी गाडी धावली, १८६३ मध्ये भोर घाटातून लोहमार्ग खुला झाला, आणि नंतरच्या काही दशकांत काशीचे अंतर महिन्यांवरून दिवसांवर आले. मला यात लक्षात घेण्याजोगे वाटते ते असे, की साधन बदलले तरी प्रवासाचे कारण लगेच बदलले नाही. लोक पूर्वी जिथे जाऊ इच्छीत तिथेच आगगाडीने, फार मोठ्या संख्येने, जाऊ लागले. नवे साधन हाती येते तेव्हा पहिली पिढी ते जुन्या इच्छेसाठी वापरते, आणि त्या साधनाने सुचवलेल्या नव्या इच्छा पुढच्या पिढीच्या मनात येतात. विमानाच्या बाबतीत हेच मी माझ्या टेबलासमोर पुन्हा घडताना पाहिले. आयुष्यातला पहिला विमानप्रवास वाराणसीला जाण्यासाठी केलेले कितीतरी ज्येष्ठ प्रवासी माझ्याकडे येऊन गेले आहेत.

'हवापालट' हा शब्द आज ऐकू येत नाही. त्याचा सुट्टीशी काय संबंध होता?

फार जवळचा संबंध होता. तीर्थाशिवाय अन्य कारणासाठी घर सोडून आठ-पंधरा दिवस बाहेर राहणे या शब्दामुळे आपल्याकडे प्रतिष्ठित झाले. आजारातून उठलेल्या माणसाला डॉक्टर हवापालट करायला सांगत, आणि मग देवळाली, पाचगणी किंवा माथेरान येथे मुक्काम होत असे. मौजेसाठी खर्च करणे ज्या घरांना अवघड वाटत होते, त्या घरांना प्रकृतीसाठी केलेला खर्च पटत असे.

हा बदल एकाच डोंगरावर पाहायचा असेल, तर महाबळेश्वरला जावे. क्षेत्र महाबळेश्वर हे कृष्णेच्या उगमाचे आणि पंचगंगेचे तीर्थ. तिथे माणूस शतकानुशतके स्नानाला आणि दर्शनाला जात आला. तिथून जेमतेम पाच-सहा किलोमीटरांवर, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८ च्या सुमारास आजारी युरोपियनांसाठी आरोग्यस्थान उभे राहिले आणि तीच वस्ती पुढे माल्कम पेठ म्हणून ओळखली गेली. एकाच पठारावर पुण्य मिळवायला जाणारा रस्ता आणि हवा खायला जाणारा रस्ता असे दोन रस्ते तयार झाले. पुढे मराठी कुटुंबांनी दोन्ही जोडून टाकले. सकाळी मंदिर, दुपारी बाजारपेठेत स्ट्रॉबेरी आणि संध्याकाळी सूर्यास्त हा कार्यक्रम आज कोणालाही चमत्कारिक वाटत नाही.

माथेरानची गोष्ट थोडी वेगळी आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये तिथे चढले, १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी सुरू झाली, आणि मोटारींना तिथे मज्जाव राहिल्यामुळे आजही दस्तुरी नाक्याला गाडी सोडून पुढे जावे लागते. माझ्या मते त्या मज्जावानेच माथेरानचा मुक्काम टिकवला; एकदा वर पोचले, की चटकन दुसरीकडे निघता येत नाही.

मे महिन्याची सुट्टी आजोळी घालवण्याची पद्धत का मागे पडली?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात नेहमी हळहळ असते, आणि मलाही तिच्यात सामील व्हावेसे वाटते. पण कारणे पाहिली पाहिजेत. ही पद्धत चालत होती ती तीन गोष्टींवर: गावात राहते घर होते, त्या घरात वर्षभर माणसे होती, आणि मुलांची सुट्टी खरोखर मोकळी होती. मुंबईतल्या गिरणीत किंवा कचेरीत नोकरी करणारा चाकरमानी बायकामुलांना गावी पोचवून स्वतः कामावर परतत असे. म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषाची रजा या सुट्टीला फारशी लागतच नसे. हा मुद्दा आपण विसरतो. आजची सुट्टी आईवडिलांच्या रजेएवढीच लांब असते. तेव्हाची सुट्टी शाळेच्या सुट्टीएवढी होती.

कोकणात जाणारी कुटुंबे भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने निघत. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत बोट गोव्याकडे जाई. अनेक बंदरांवर बोट किनाऱ्याला लागत नसे. खोल पाण्यात उभ्या राहिलेल्या बोटीतून खालच्या पडावात माणसे, ट्रंका आणि कडेवरची पोरे उतरवली जात. पावसाळ्यात ही वाहतूक बंद राही, त्यामुळे मृगाच्या आधी परतायचे हे वेळापत्रक समुद्रच ठरवून देत असे. घाटावर तोच कार्यक्रम रेल्वेने आणि एसटीने होत असे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर पहिली एसटी धावली आणि हळूहळू ज्या गावाला रेल्वे नव्हती त्या गावाच्या पाराजवळ लाल गाडी येऊन थांबू लागली. आजोळच्या सुट्टीचा सुवर्णकाळ म्हणून आपण जो काळ आठवतो, तो बराचसा या गाडीने घडवलेला आहे.

मग गावातल्या घरांना कुलपे लागली. आजी-आजोबा मुलांकडे शहरात आले, घरांच्या वाटण्या झाल्या, आणि मे महिन्यात शिबिरे व पुढच्या वर्षाच्या शिकवण्या सुरू झाल्या. गंमत अशी की, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली आणि गावी जाणे पूर्वी कधी नव्हते एवढे सोपे झाले, ते नेमके राहायला जाण्याची पद्धत ओसरत असताना. गणपतीला आणि शिमग्याला मात्र गाड्या आजही तुडुंब जातात. गावाशी असलेले नाते तुटले नाही. ते तीन आठवड्यांवरून पाच दिवसांवर आले.

सरकारी नोकरीतल्या रजा प्रवास सवलतीने खरोखर काही फरक पडला का?

पुष्कळच पडला. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला चार वर्षांच्या गटात स्वग्रामी जाण्याची आणि एकदा भारतात कुठेही जाण्याची सवलत मिळते. प्रवासखर्च मिळतो, राहण्याजेवणाचा मिळत नाही. ज्या घराने स्वतःहून कधी दूरच्या प्रवासाचा विचार केला नसता, त्या घरात 'या वेळचे भारतभ्रमण वाया घालवायचे नाही' अशी चर्चा सुरू झाली, आणि खर्च वसूल व्हावा म्हणून लोक शक्य तेवढे लांबचे ठिकाण निवडू लागले. काश्मीर, ईशान्य भारत आणि अंदमान या भागांसाठी एरवी विमानाचा हक्क नसलेल्या कर्मचाऱ्यांनाही विमानाने जाण्याची मुभा देण्यात आली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवली गेली. अंदमानला जाणाऱ्या मराठी प्रवाशांच्या मनात सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी असते हे खरेच आहे, पण तिकडे जाण्याचे वर्ष पुष्कळदा या सवलतीने ठरवलेले असते.

समूहाने, सहल कंपनीबरोबर जाण्याची पद्धत आपल्याकडे एवढी का रुजली?

कारण ती अनोळखी मुलखात घरासारखी सोय देत होती. हिंदी-इंग्रजी बोलायला संकोच वाटणारी, घाटावरच्या किंवा कोकणातल्या शाळेत शिकलेली माणसे सिमल्याला गेली, तेव्हा त्यांच्याबरोबर मराठी बोलणारा व्यवस्थापक आणि बऱ्याचदा स्वयंपाकीही होता. सकाळी पोहे आणि रात्री वरणभात मिळणार याची खात्री ही चैन नव्हती. पथ्यपाणी सांभाळणारे, उपासतापास करणारे ज्येष्ठ त्या एका खात्रीवर घराबाहेर पडले. केसरी ही कंपनी १९८४ मध्ये आणि वीणा वर्ल्ड २०१३ मध्ये सुरू झाली. पण या नावांच्या आधीपासून आणि बरोबरीने, दादर, गिरगाव, पुणे, नाशिक, कोल्हापूर येथे लहानमोठे सहल आयोजक हेच काम करत आले आहेत.

या पद्धतीला आजची तरुण मंडळी 'कळपाने जाणे' म्हणतात. मला ते अन्यायाचे वाटते. पंढरीच्या दिंडीत चाललेली माणसेही समूहाने जातात. नवख्या वाटेवर सोबत घेणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. समूहाच्या सहलीची खरी अडचण दुसरी होती, ती म्हणजे घाई. पहाटे साडेपाचला उठायचे, सहाला चहा, सातला बस, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे. ज्यांना आयुष्यात एकदाच जायला मिळणार होते त्यांना ही घाई हवी होती, कारण काही राहून जाऊ नये. ज्यांना पुन्हा येता येईल असा भरवसा आहे, त्यांना ती सहन होत नाही. युरोपच्या सहलीत 'किती देश' हा पहिला प्रश्न विचारणारे आणि 'एका ठिकाणी किती रात्री' हा पहिला प्रश्न विचारणारे यांच्यात उत्पन्नाचा फरक असतोच असे नाही. पुन्हा येण्याच्या भरवशाचा फरक मात्र जवळजवळ नेहमी असतो.

स्त्रियांच्या प्रवासात सर्वांत मोठा बदल कोणता झाला?

सुट्टी ही त्यांचीही सुट्टी झाली, हा. आजोळच्या त्या मे महिन्यात वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक, आंब्याफणसाची साठे, कुरडया-पापडांची वाळवणे कोण करत होते, हे आठवून पाहावे. मुलांच्या आठवणीतला मे आणि त्यांच्या आईच्या आठवणीतला मे एकसारखा नाही. पंचावन्न-साठीच्या अनेक स्त्रियांनी मला सांगितले आहे की पहिल्या खऱ्या सहलीत त्यांना सर्वांत जास्त काय आवडले असेल, तर सकाळी उठून 'आज काय करायचे' हा प्रश्न नसणे.

फक्त स्त्रियांसाठीच्या सहली मराठी आयोजकांनी सुरू केल्या तेव्हा त्यांना मिळालेला प्रतिसाद यातूनच आला होता. भिशीच्या मैत्रिणी, शाळेतल्या जुन्या वर्गमैत्रिणी, नणंदा-भावजया असे गट आता नियमाने येतात. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीच्या तिकिटात स्त्रियांना निम्मी सवलत मिळू लागली, आणि मोठ्या सहलीची ऐपत नसलेल्या स्त्रियाही अष्टविनायक, तुळजापूर, शेगाव अशा प्रवासाला स्वतःच्या निर्णयाने निघू लागल्या. माझ्या कार्यालयाचा या प्रवासाशी व्यवहाराचा काही संबंध येत नाही, तरी मला तो आजच्या बदलांतला फार महत्त्वाचा बदल वाटतो.

तीर्थयात्रा कमी होऊन पर्यटन वाढले, असे म्हणता येईल का?

असे म्हणता येणार नाही. तीर्थयात्रा वाढली आहे, तिचा पोत मात्र बदलला आहे. पूर्वी गोव्यात कुलदैवत असलेली मराठी घराणी मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा यांच्या दर्शनाला जात आणि देवळाच्या अग्रशाळेत उतरत. समुद्रावर गेले तर गेले. आज त्याच घरातली मुले समुद्राजवळ हॉटेल घेतात आणि एक सकाळ देवाला देतात. दर्शन सुटलेले नाही, मुक्कामाची जागा बदलली. काशीला गंगेवर आता दोन रात्री पुरतात, आणि त्याला जोडून अयोध्या केली जाते.

माझी एकच तक्रार आहे. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांची नावे शोधण्याची वेळ आता कोणी राखून ठेवत नाही. त्र्यंबकेश्वरला एका कुटुंबाला मी मुद्दाम एक दुपार मोकळी ठेवायला सांगितले होते. मोडी अक्षरांतल्या एका पानावर त्यांच्या खापरपणजोबांचे नाव, गाव आणि आल्याची तिथी निघाली, आणि बरोबरच्या सोळा वर्षांच्या मुलाने फोन खिशात ठेवून ते पान दोनदा वाचून घेतले.

शनिवार-रविवारची छोटी सहल ही सवय कधी लागली?

जेव्हा दोन दिवस सलग मिळू लागले आणि रस्ते सुधारले तेव्हा. केंद्र सरकारच्या कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा १९८५ मध्ये आला, पुढे संगणक कंपन्यांनी तो रूढ केला, आणि महाराष्ट्र शासनाने तो २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू केला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. घरची मोटार आली. त्यामुळे लोणावळा, अलिबाग, इगतपुरी, भंडारदरा ही ठिकाणे 'सुट्टीतली' न राहता 'आठवड्यातली' झाली.

याची किंमतही त्या ठिकाणांना द्यावी लागली. पावसाळी शनिवारी गडाच्या पायवाटेवर रांग लागते, धबधब्याखाली उभे राहायला जागा नसते, आणि दर वर्षी जीव जातात. कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग झाले आणि तिथे गर्दी एवढी लोटली, की फुलांच्या हंगामात आधी नोंदणी करून ठरावीक संख्येनेच प्रवेश देण्याची वेळ आली. जुलै २०२५ मध्ये बारा मराठा किल्ले याच यादीत आले, त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत. त्या गडांवर काय होणार याची मला काळजी वाटते. शक्य असेल त्यांनी मधल्या वारी जावे, आणि गडावर मुक्काम न करता पायथ्याच्या गावात करावा. त्या गावाला चार पैसे मिळतात आणि गडावर कचरा उरत नाही.

घरगुती मुक्काम आणि कृषी पर्यटन ही तात्पुरती लाट आहे का?

मला तसे वाटत नाही, कारण तिच्या मुळाशी हरवलेले आजोळ आहे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पर्यटन महामंडळाने निवास व न्याहरी योजना आणली, आणि मालवण-तारकर्लीकडच्या घरांनी एक-दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. देशावर हुरड्याच्या दिवसांत शेतावर जाणे पूर्वी केवळ ओळखीपाळखीवर होत असे. आता ते ठरवून, पैसे देऊन होते, आणि राज्याचे कृषी पर्यटन धोरणही २०२० मध्ये आले.

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे एक नवीच मागणी येते. शहरातली आईवडील मंडळी विचारतात, की मुलांना घेऊन दहा-बारा दिवस राहता येईल असे अंगणाचे, विहिरीचे, झाडावर चढू देणारे घर मिळेल का. त्यांना काहीही 'बघायचे' नसते. घरमालकीण काकू जेवायला हाक मारतील आणि मुले पाय न धुता आली तर रागावतील, असे घर त्यांना हवे असते. आपल्या मुलांसाठी भाड्याने आजोळ शोधणारी ही माणसे मला फार समजूतदार वाटतात. अशा ठिकाणी जाताना मात्र ते घर आहे हे लक्षात ठेवावे. जेवण आधी सांगावे, मासे ताजे मिळतील तेच खावेत, आणि रात्री दहाला गाणी लावू नयेत.

सामानाच्या सवयी किती बदलल्या?

घरातल्या माळ्यावर एखादा फिरकीचा तांब्या असेल तर तो खाली काढून पाहावा. पितळेचा जाड पत्रा, आत आटे, घट्ट फिरवून बसणारे झाकण. आडवा केला तरी थेंब सांडत नाही. गाडी स्टेशनात थांबली, की नळावर धावत जाऊन तो भरून आणायचा, हे घरातल्या मोठ्या मुलाचे काम होते. वळकटीत अंथरूण-पांघरूण असे, आणि डब्यात दशम्या. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात, त्यामुळे ती दोन-तीन दिवस मऊ राहते, आणि दुधात भिजवलेली म्हणून सोवळ्याला चालत असे. बाहेरचे न खाण्यामागे काटकसर होती तशी जातीची आणि सोवळ्याची बंधनेही होती, हे लपवण्यात अर्थ नाही. आज ती बंधने ढिली झाली, पण विमानाने निघालेल्या कुटुंबाच्या पिशवीत थेपले, खाकरा, मेतकूट आणि लिंबाचे लोणचे निघतेच. लोणचे हातातल्या पिशवीत न ठेवता तपासणीला देण्याच्या सामानात नीट बांधून ठेवावे, एवढीच सूचना मला पुन्हा पुन्हा करावी लागते.

परदेश प्रवास सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात कधी आला?

१९९१ पर्यंत परकीय चलन मिळवणे हेच अवघड काम होते. नंतर नियम सैल होत गेले, २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यक्तींना परदेशी पैसे पाठवण्यासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत मोकळीक दिली, आणि सिंगापूर, थायलंड, दुबई ही पहिली पायरी ठरली.

पण मराठी घरांत त्याच्याही आधी एक वेगळा परदेश प्रवास सुरू झाला होता. अमेरिकेत असलेल्या लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला आई जात असे. तिच्या सामानात डिंकाचे लाडू, अळीव आणि बाळंतविडा असे, आणि सहा महिन्यांत तिने पाहिलेला परदेश म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारा बर्फ आणि एखादा नायगारा. नातवंडे मोठी झाल्यावर त्याच जोडप्याने स्वतःसाठी युरोप किंवा जपान पाहायचे ठरवले, तर तो त्यांना दुसरा परदेश प्रवास वाटत नाही, पहिलाच वाटतो.

माझे वय वाढले तशी माझी आवड बदलली. हे सर्वांचेच होते का?

बहुतेकांचे होते. विशीत खिशात पैसे कमी असतात आणि अंगात बळ असते, तेव्हा एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास घेऊन महाराष्ट्र पालथा घालता येतो. लहान मुले असताना सुट्टीचा केंद्रबिंदू पोहण्याचा तलाव आणि जेवणाची वेळ हे असतात. मुले दहावी-बारावीत गेली, की तीन-चार वर्षे घर हलतच नाही. यालाही मी सुट्टीची एक अवस्थाच मानते. पन्नाशीनंतर पुन्हा मोकळीक येते आणि लोक राहून गेलेले शोधू लागतात. सत्तरीनंतर ठिकाणापेक्षा जिने, शौचालय आणि गाडीतून उतरल्यावर चालावे लागणारे अंतर यांवर निवड ठरते. त्यांना ठिकाण आवडत नाही असा समज घरातल्यांनी करून घेऊ नये.

रेल्वेची ज्येष्ठ नागरिक सवलत मार्च २०२० मध्ये थांबली, तेव्हा अनेकांचे वर्षाकाठचे ठरलेले प्रवास थांबले. दुसरीकडे, ऑगस्ट २०२२ पासून राज्यात पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली, आणि दर एकादशीला पंढरपूरला जाणारे आजोबा मला भेटू लागले. इथेही आवड आधीपासून होतीच. तिला वाट मिळाली.

आईबाबांना कुठे जायचे आहे विचारले, तर ते 'तुम्ही म्हणाल तिथे' असे म्हणतात. काय करावे?

हा प्रश्न विचारण्याची पद्धत बदलावी. 'कुठे जायचे' असे विचारले, की त्यांना मुलाच्या खर्चाची आणि रजेची काळजी वाटते आणि ते स्वतःला मागे घेतात. त्याऐवजी 'कुठे जायचे राहिले?' किंवा 'पुन्हा एकदा कुठे जावेसे वाटते?' असे विचारून पाहावे, आणि उत्तराला घाई करू नये.

दोन वर्षांपूर्वी दोघे भाऊ त्यांच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईसाठी चारधामची चौकशी करायला आले होते. आई बरोबर होत्या. मी त्यांना हा प्रश्न विचारला, तेव्हा त्या बराच वेळ माझ्या टेबलावरच्या नकाशाकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, की लग्न होऊन त्या आगबोटीने हर्णैला उतरल्या होत्या, पडावात उतरताना त्यांची एक चप्पल समुद्रात पडली होती, आणि सासरचे घर विकल्यापासून त्या तिकडे गेलेल्या नाहीत. मुलांना यातले काहीच ठाऊक नव्हते. चारधाम रद्द करून आम्ही हर्णैजवळ तळमजल्यावरची खोली असलेले एक घर दोन रात्रींसाठी घेतले. घरमालकांना फोन करून मी तीन गोष्टी विचारल्या: बाथरूमला उंबरा किती उंच आहे, संध्याकाळी मासळीच्या लिलावाच्या वेळी किनाऱ्याच्या किती जवळ गाडी नेता येते, आणि तिथे बसायला खुर्ची मिळेल का. खुर्ची मिळेल, असे ते म्हणाले.